दुसऱ्या कडव्यातली टक्

जेवणाची वेळ टळून गेली तरी डेसिबलकाकांचा पत्ता नव्हता. हा माणूस एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण जेवणाची वेळ? छे! रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये घड्याळाकडे बघत उभा जन्म काढलेला. बातम्या जशा वेळेवर लागायच्या तसं यांना ताट वेळेवर लागायचं, नाहीतर खुर्चीत बसून बोटांनी टेबल वाजवणं सुरू. बोटांनीच, कारण गळ्यात आवाज उरला नव्हता. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तोंडातून निघायची ती नुसती हवा, तीही समोरच्यानं कान अगदी जवळ नेला तर ऐकू यायची. आणि धाप तर अशी लागायची की जिना चढून आले की पायपुसण्यावरच उभे राहायचे.

डेसिबलकाका हे नाव बिल्डिंगमधल्या पोरांनी ठेवलेलं. कुणाचा मिक्सर किती कर्कश, कुणाचा पंखा कुठे घासतो, हे त्यांना न मोजता कळायचं आणि कळलं की सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. आवाज गेल्यावर ते चिठ्ठ्या लिहून दाराखालून सरकवायला लागले, म्हणजे बघा! त्यांची बायको सगळ्या बिल्डिंगचे कपडे शिवायची, म्हणून ती सगळ्यांची मावशी. वयानं मोठे असलेलेसुद्धा मावशीच म्हणायचे, आणि मावशींनी त्यावर कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

आधी मावशींना राग आला. ताट झाकून ठेवताना त्या भांड्यांशीच बोलल्या, "येऊ देत, मग बघते." मग त्यांनी फोन लावला आणि फोन आतल्या खोलीत चार्जरला लावलेला वाजला. तेव्हा राग कुठल्या कुठे गेला. चपला दारात नव्हत्या. मावशी गच्चीवर जाऊन आल्या, पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये डोकावून आल्या, मागच्या अंगणातही गेल्या. तिथे पत्र्याच्या सामानाच्या खोल्यांची रांग होती, प्रत्येक घराची एक. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती, म्हणजे आत कोण असणार? शेजारी पाण्याचा पंप धडधडत होता. मावशी हाका मारत राहिल्या आणि मारता मारताच त्यांच्या लक्षात आलं, की हाक ऐकली तरी हा माणूस ओ कशी देणार?

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता. डॉक्टर तरुण, स्वभावानं भला, मावशींकडून पँटी आखूड करून घेणारा. मावशींचा चेहरा बघूनच त्यानं हातातलं यंत्र खाली ठेवलं.

"मावशी, काय झालं?"

"हे कुठे गेलेत कळत नाही हो. सकाळी मी कपडे वाळत घालून वर आले, तेव्हापासून दिसले नाहीत. मला वाटलं आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेत."

"येतील हो. कुठे तरी वायर-बियर आणायला गेले असतील."

"जेवण सोडून? आणि फोन घरी ठेवून?"

खुर्चीतल्या पेशंटचा अर्धा जबडा बधिर करून ठेवला होता, तरी त्याला "पाच मिनिटं हं" म्हणून डॉक्टर रस्त्यावर गेला आणि दोन्ही बाजूंना बघून परत आला. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, मी बघितलं नाही, पण मी मघाशी टाकीकडे होतो. म्हणजे तिथूनही काही कळलं नाही.

मावशी वर आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ऐकून तीही घाबरली, पण आपण घाबरलोय हे आईला कळू नये म्हणून ती वरच्या पट्टीत बोलायला लागली. "आई, तू आधी बस. पाणी पी. बाबांनी औषधं घेतली होती का सकाळची? स्वेटर... नाही, स्वेटर कशाला, ऊन आहे ना तिकडे? बाप रे, ऊन आहे!"

ऊन होतंच. भिंतींना हात लावला तरी चटका बसेल असं. या उन्हात तो माणूस कुठे पडला असेल तर हाकही मारू शकणार नाही. लोक बाजूनं जातील, म्हणतील झोपलाय. मावशींच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं. फोन स्पीकरवर टाकून, टेबलावर ठेवून त्या मटकन खाली बसल्या.

आणि तेवढ्यात हॉलमध्ये गाणं सुरू झालं.

घरात दुसरं कुणी नव्हतं. समोर काकांचा तो सगळा सरंजाम मांडलेला होता. दोन उंच स्पीकर, मध्ये अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्यावर तो चपटा काळा प्लेअर आणि प्लेअरला जोडलेली हार्ड डिस्क. जन्मभर जमवलेल्या रेकॉर्ड आणि टेपा त्यांनी एकेक करून त्या डिस्कमध्ये भरल्या होत्या. प्लेअरचा पडदा उजळला होता आणि अ‍ॅम्प्लिफायरचा हिरवा दिवा लागला होता. मावशी बघतच राहिल्या, कारण आवाजाचं ते मोठं गोल बटण आपोआप फिरत होतं. कुणाचा हात नाही, बोट नाही, आणि बटण हळूहळू उजवीकडे फिरतंय.

"अगं बाई!" मावशी किंचाळल्या. "अगं, हे आपलं आपण सुरू झालं!"

"काय? आई, काय सुरू झालं? मला ऐकू येत नाहीये!"

आवाज वाढतच होता. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या, शिवणकामाच्या तबकातल्या सुया उडायला लागल्या. माणूस घरात नाही आणि माणसाचं यंत्र आपोआप गातंय, याचा अर्थ मावशींच्या मनात एकच आला आणि तो त्यांना मनातसुद्धा बोलवेना. त्या धावल्या आणि त्यांनी त्या सगळ्या यंत्रांचं भिंतीवरचं बटणच खटकन बंद केलं. यंत्रांचे सगळे दिवे गेले. घर एकदम शांत झालं आणि ती शांतता तर आणखी भयाण वाटली.

"आई! आई, बोल ना! काय वाजत होतं?"

मावशींनी कसंबसं सांगितलं. पलीकडे लेक ओरडली, "अगं, बंद का केलंस! बाबाच लावतायत ते! त्यांचा टॅब कुठेय बघ!"

टॅब म्हणजे काकांचा तिसरा हात. जुना, सिम नसलेला, त्यावरून हॉलमधल्या प्लेअरवर गाणी लावण्यापलीकडे काही धड चालायचं नाही. पण या खोलीतून त्या खोलीत, अगदी मोरीतसुद्धा तो काखेत मारलेला असायचा. मावशींनी सोफ्यावर बघितलं, पलंगावर बघितलं, शिवणयंत्राखाली बघितलं. टॅब घरात नव्हता.

"म्हणजे त्यांच्याकडेच आहे," लेक म्हणाली, आणि आता तिच्या आवाजात रडू आणि हसू दोन्ही होतं. "आई, जिवंत आहेत बाबा! कुठल्यातरी वायफायवर आहेत. इंटरनेटवरची गाणी कुठूनही लावता येतात, बस स्टँडवरून, वाचनालयातून, कुठूनही. ते आपल्याला कळवतायत गं! बटण लाव आधी, लाव!"

मावशींनी बटण लावलं. प्लेअरचा पडदा उजळला, त्यावर एक छोटं वर्तुळ फिरत राहिलं, मग तेही थांबलं. मावशी स्पीकरसमोर जमिनीवर बसल्या आणि वाट बघू लागल्या. काही वाजेना.

वरती आवाज कसला झाला म्हणून डॉक्टर धापा टाकत आला. लेकीनं फोनवरूनच त्याला पढवलं आणि तो बिचारा पांढऱ्या कोटासकट स्कूटर काढून वाचनालयाकडे निघाला, तिथून बस स्टँडला जाणार होता. खाली त्याचा पेशंट खुर्चीतच राहिला.

मावशी बसून होत्या. आयुष्यभर त्यांनी या खोक्यांचा राग राग केला होता. सकाळ-संध्याकाळ यांचं एकच, इथून ऐक, तिथून ऐक, स्पीकर बोटभर आत घेतला तर कसं वाटतं ते सांग. मावशींना कधी काही फरक कळला नाही आणि त्यांनी तो कळल्याचं सोंगही केलं नाही. आज मात्र त्या त्या काळ्या जाळीकडे हात जोडल्यासारख्या बघत होत्या. वाज रे बाबा, एकदा वाज. मघाशी मी चुकले, घाबरले, आता नाही बंद करणार. त्यांनी वाजवायचा प्रयत्न केला असेल आणि प्लेअर बंद दिसला असेल. मग त्यांना काय वाटलं असेल? की ऐकून न ऐकल्यासारखं केलं? मावशींना रडू फुटलं.

आणि गाणं लागलं. तेच. आवाजाचं बटण पुन्हा फिरायला लागलं.

"लागलं गं, लागलं!" मावशी फोनमध्ये ओरडल्या. या वेळी त्या उठल्या नाहीत. काचा थरथरल्या, कपाट थरथरलं, तरी त्या बसून राहिल्या. पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. आणि गायकानं सूर लांबवला तिथे, मागे, टक्. पुन्हा टक्. पुन्हा टक्.

मावशी ताठ झाल्या.

ती टक् त्यांची स्वतःची होती. लग्नानंतर नव्यानंच घेतलेल्या त्या रेकॉर्डवर त्यांच्याच हातून सुई पडली होती आणि चरा उठला होता. तेव्हा हा माणूस दिवसभर बोलला नव्हता, आणि तेव्हा त्याला चांगला गळा होता! पुढे रेकॉर्ड डिस्कमध्ये भरताना लेक म्हणाली होती, बाबा, तो टकटक आवाज पुसून टाकता येतो, नाहीतर हेच गाणं इंटरनेटवर स्वच्छ मिळतं. काकांनी चिठ्ठी लिहिली होती, "ते गाणं जगाचं. हे आपल्या घरातलं. राहू दे."

"अगं ऐक," मावशी म्हणाल्या. "ऐक नीट. हे इंटरनेटवरचं नाहीये. हे आपल्या डिस्कमधलं आहे. ती टक् येतेय."

"कसली टक्?"

"माझी टक्! सुई पडलेली! मला सांग, डिस्कमधलं गाणं बस स्टँडवरून लावता येतं का?"

लेक अगदी हळू म्हणाली, "नाही. नाही लावता येत. बाबांनीच मला ते बाहेरून बंद ठेवायला सांगितलं होतं. घरातलं वायफाय असेल तरच लागतं." आणि मग, "आई, बाबा घरात आहेत?"

मावशींनी मान वळवून स्वतःच्याच घराकडे बघितलं. त्या पुन्हा सगळ्या खोल्यांतून फिरल्या. मोरीचं दार उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं, कपाटात कोण बसणार आहे म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या, तरी दुसरं कपाट उघडलं. हॉलमधून गाणं गर्जत होतं. घर भरून माणसाची हाक येत होती आणि माणूस घरात नव्हता.

"वायफायचा डबा कुठेय आई?" लेक फोनवर ओरडत होती. "त्याच्या आसपासच असणार. भिंतीपलीकडे, वर, खाली, जवळच!"

डबा हॉलमध्ये नव्हता. दुनियेत सगळे लोक तो हॉलमध्ये ठेवतात, पण यांच्या मते त्या डब्यामुळे गाण्यात घाण येते. हजार वेळा मावशींनी विचारलं होतं, कसली घाण? मला तर दिसत नाही. तरी काकांनी भिंतीला भोक पाडून वायर नेली होती आणि डबा मागच्या बाल्कनीत नेऊन टांगला होता. हॉलच्या पुढच्या खिडकीतसुद्धा वायफाय धड मिळायचं नाही.

मावशी मागच्या बाल्कनीत आल्या. डब्याचे दिवे लुकलुकत होते. त्यांनी कठड्यावरून खाली वाकून बघितलं. खाली उन्हात तापलेले पत्रे. थेट खाली, त्यांच्याच सामानाच्या खोलीचे.

पण तिला बाहेरून कडी होती. मघाशी डोळ्यांनी बघितली होती. मग ती लावली कुणी?

आणि मावशींना आठवलं. सकाळी, खाली अंगणात कपडे वाळत घालून येताना. बादली एका हातात. खोलीचं दार उघडं दिसलं होतं. त्या मोठ्यांदा बोलल्या होत्या, "किती वेळा सांगायचं, दार उघडं टाकू नका, उंदीर शिरतात!" आणि धाडकन दार लोटून कडी घातली होती. आत बघितलंसुद्धा नव्हतं. आत काय बघायचं, यांचे खोके! गेल्या कित्येक वर्षांत आणलेल्या प्रत्येक यंत्राचा खोका जपून ठेवलेला, छतापर्यंत रचलेला.

सकाळपासून. पत्र्याच्या खोलीत. धाप लागणारा माणूस.

हॉलमधलं गाणं मध्येच थांबलं.

संपलं नव्हतं, कडव्याच्या मध्येच तुटलं. मावशींना जिना कसा उतरला ते पुढे कधी आठवलं नाही. फोन कुठे पडला तेही नाही. एवढंच आठवत होतं, की पाय पळत होते, आणि तोंडानं त्या एकसारखं म्हणत होत्या, "मी लावली हो, मी लावली, मी लावली." दवाखान्याच्या दारात डॉक्टरचा पेशंट उभा होता, गळ्यात तो कागदी रुमाल, तोंडात कापूस, अर्धा चेहरा सुन्न. मावशींना बघून तो बिचारा काही न विचारता मागे धावला. विचारणार तरी कसा!

कडी उन्हानं इतकी तापली होती की बोटं भाजली. दार उघडलं तशी भट्टीसारखी वाफ अंगावर आली. आत अंधार आणि पुठ्ठ्याचा वास. खोक्यांचा अख्खा ढीग दाराची वाट अडवून कोसळलेला. जुने लाकडी स्पीकर, विकायचे नाहीत म्हणून खोक्यांत भरून ठेवलेले, एकेक धान्याच्या पोत्याएवढा जड, आडवेतिडवे पडलेले. आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीशी, एक पाय दिसत होता. चप्पल पायातच होती.

"अहो!"

पाय हलला नाही.

पेशंटनं कापूस थुंकला आणि पहिला स्पीकर उचलला. मावशींनी दुसरा ओढला. तो त्यांच्याच्यानं हलायचा नव्हता, पण हलला. खोके फाटले, आतला थर्माकोल सगळीकडे उडाला. काका भिंतीला टेकून अर्धवट बसलेले, मांडीवर एक खोका, डोळे मिटलेले, सदरा घामानं चिंब, ओठ सुकून पांढरे. छातीवर टॅब होता, ढिगाखालून कसाबसा ओढून काढलेला. त्याची काच मधोमध तडकली होती, पडद्याचा वरचा भाग काळा पडला होता, आणि खाली गाणं लावायची आणि आवाज वाढवायची एवढीच पट्टी उजळलेली होती. काकांचा अंगठा तिच्यावरून घसरून बाजूला पडला होता.

मावशींनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अहो, डोळे उघडा. अहो, मी आहे. उघडा ना हो!"

पेशंट धावत जाऊन दवाखान्यातून पाण्याचा जग घेऊन आला. मावशींनी पदर भिजवून कपाळावर दाबला, मानेवर दाबला, ओठांवर दोन थेंब सोडले. काही नाही. आणखी दोन थेंब. मग घसा हलला. पापण्या हलल्या. काकांनी डोळे उघडले आणि आधी दाराकडे बघितलं, उजेडाकडे, मग बायकोकडे.

मावशींना तेव्हा बांध फुटला. बाहेर पेशंट बोबड्या बोलीत अँब्युलन्सला पत्ता सांगत होता आणि त्या नवऱ्याला धरून हमसाहमशी रडत होत्या. "मीच कडी लावली हो. दार लोटलं आणि आत बघितलंसुद्धा नाही. आणि तुम्ही गाणं लावलंत, तर तेही मीच बंद केलं. खटकन बंद केलं. तुम्ही इथे जीव टाकत होता आणि मी बटण बंद केलं!"

काकांचे ओठ हलले. पंप अजून धडधडतच होता. मावशींनी कान त्यांच्या तोंडाला लावला, अगदी चिकटवला. आधी नुसती हवा आली, मग तिच्यात शब्द आले, एकेक करून, मध्ये धाप घेत.

"ते तू बंद केलंस ना, तेव्हाच जिवात जीव आला. म्हटलं, घरी आहे. ऐकलंय. आता येईल."